फरशीखालचे हत्ती

भिंतीला भेग पडली की माणसं आधी रंगाऱ्याला बोलावतात. रंगारी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून भेग बुजवतो आणि वर्षभरात ती परत डोकं काढते. मग वास्तुवाल्याला बोलावतात. तो गॅसची शेगडी हलवायला सांगतो. तरी भेग हटत नाही, तेव्हा कोणीतरी म्हणतं, ‘रावपुऱ्यात एक मराठी बेन राहतात, त्या भेगा बघतात.’ मग माझा फोन वाजतो.

नव्या इमारती मी फारशा बांधल्या नाहीत. दुसऱ्यांनी बांधलेल्या उभ्या ठेवण्यातच माझी इंजिनिअरिंगची पदवी खर्ची पडली. बडोद्यातल्या पाण्याच्या टाक्या, शाळा, वसाहती, बंगले, सगळ्यांच्या भेगांशी माझी ओळख आहे. अलकापुरीतल्या एका शेठजींनी तर मला भेग न दाखवताच तपासायला सांगितली होती. भेगेवर मोठी तसबीर टांगलेली. तसबीर काढायची नाही, कारण तिच्यामागे तिजोरी. मी शेजारच्या खोलीत जाऊन भिंतीच्या दुसऱ्या बाजूने ती भेग गाठली. शेठजी चेहरा पाडून म्हणाले, “म्हणजे चोरालाही इथून येता येईल?”

असे किस्से पुष्कळ आहेत. पण दिवाळी अंकासाठी लिही म्हटल्यावर मला एकच काम आठवलं. ते सांगताना अजून माझा आवाज चढतो आणि आमचे हे आतल्या खोलीतून म्हणतात, “अगं हळू, खालच्या दुकानात ऐकू जातंय.”

बडोद्याजवळच्या सावली गावाच्या पुढे, मही नदीच्या अंगाला एक खेडं आहे. तिथल्या महादेवाच्या ट्रस्टचे प्रमुख रमणभाई एका सकाळी माझ्याकडे आले. स्वभावाने मोकळे, बोलायला गोड, प्लॅस्टिकच्या पाइपांचा कारखाना. फोनवर त्यांनी मला एक चित्र दाखवलं. गुलाबी दगडाचं उंच नवं मंदिर, समोर कारंजं, बाजूला गाड्या लावायला जागा.

“आणि जुनं देऊळ?” मी विचारलं.

“ते पाडायचं. पडायलाच आलंय. बेन, मंदिर पडी जाय एवुं छे, बस एटलुं लखी आपो.”

ते देऊळ सोळंकी राजांच्या वेळचं मानतात, म्हणजे आठ-नऊशे वर्षांच्या घरातलं. आणि रमणभाई त्याच्या मृत्यूचा दाखला मागत होते, पेशंट न दाखवता! मी म्हटलं, “आधी बघते, मग लिहिते.”

देऊळ पाहिलं आणि माझा विरसच झाला. बुटकं, जमिनीला टेकून बसल्यासारखं. भिंतींवर तपकिरी ऑइलपेंटचे थर, त्याखालच्या मूर्तींचे नाक-डोळे बुजलेले. जागोजागी सिमेंटचा गिलावा. भोवती संगमरवराची गुळगुळीत फरशी आणि एकेका लादीवर देणगीदाराचं नाव कोरलेलं. गंमत होती ती वर. मूळचं दगडी शिखर कधीतरी कोसळलं असावं. त्या जागी गायकवाडी काळात कोणीतरी विटा-चुन्याचं शिखर बांधलं होतं, थेट पुण्या-साताऱ्याकडच्या देवळांना असतं तसं, लहान लहान कोनाडे असलेलं. परमुलखात अचानक माहेरचं माणूस भेटावं तसं मला झालं.

पण मी आले होते ती भेगांसाठी. उत्तरेच्या भिंतीला, वायव्येच्या कोपऱ्याजवळ, हात जाईल एवढी भेग होती. भिंतीला फुगवटाही होता.

आमच्या धंद्यात भेगा दोन तऱ्हेच्या मानतात, मेलेल्या आणि जिवंत. मेलेली भेग जुनी जखम असते. काहीतरी घडून गेलं, इमारत सावरली, व्रण राहिला. जिवंत भेग अजून वाढत असते. ओळखायची युक्ती सोपी आहे. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवायची आणि घरी जायचं. भेग हलली तर काच तडकते. काच दगडासारखी सोशीक नसते, लगेच बोलते.

मी सगळ्या भेगांवर काचा लावल्या आणि काही आठवड्यांनी परत गेले. बाकी सगळ्या काचा शाबूत होत्या. फक्त त्या वायव्य कोपऱ्यातली तडकली होती.

मला केवढा आनंद झाला! रमणभाईंना वाटलं, मी काच फुटली म्हणून हसतेय. मी म्हटलं, “रमणभाई, तुमचं देऊळ मरणाला टेकलेलं नाही. त्याचा एक पाय दुखतोय. बाकी सगळं ठणठणीत आहे.”

“पाय का दुखतोय?”

त्याचं उत्तर मला गाभाऱ्यात मिळालं. पुजारीमहाराज पिंडीवरचं अभिषेकाचं पाणी वाडग्याने बादलीत भरत होते. मी विचारलं, हे पाणी बाहेर जात नाही? ते म्हणाले, “थोडं मी काढतो. बाकीचं महादेव पिऊन टाकतो.”

महादेव नव्हे, पाया पीत होता! पूर्वेला तोंड असलेल्या शिवमंदिरात पिंडीवरचं पाणी उत्तरेच्या भिंतीतून बाहेर पडतं. त्यासाठी दगडी पन्हळ असते, तिचं तोंड बाहेर निघालेलं असतं. इथे उत्तरेला नुसती भिंत आणि तिला भिडलेली फरशी. म्हणजे पन्हळ फरशीखाली गाडली गेली होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या रोज ओतलेलं पाणी त्या कोपऱ्याच्या पोटात मुरत होतं.

“फक्त एवढ्या जागेतली फरशी उचलू या,” मी म्हटलं. रमणभाई नाखुशीने हो म्हणाले. कामाला माणसं आली, पहार लादीच्या कडेला लागली, आणि एक म्हातारी काठी टेकत आली ती त्या लादीवर मांडी घालून बसलीच.

“पहेलां मने उठाडो, पछी पथरो.”

आधी मला उठवा, मग दगड, असं म्हणणाऱ्या या शांताबा. लादीवर त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं. ते हयात असताना रोज पहाटे देवळाचं आवार धूत असत. ते गेल्यावर शांताबांनी स्वतःच्या बांगड्या मोडून तिथे त्यांच्या नावाची लादी बसवली होती. रोज अभिषेक झाला की त्या लादीवरून हात फिरवायचा आणि घरी जायचं, असा त्यांचा नेम.

मी त्यांच्याशेजारी बसले. माझं गुजराती बाजारातलं, त्यांचं महीकाठच्या चरोतरी ठेक्याचं. तो सगळा संवाद मी इथे मराठीतच सांगते.

“बा, खाली पाणी साचतंय. कोपरा खचतोय.”

“तू बघितलंस?”

“नाही. पण हिशेब तसं सांगतो.”

“हिशेबानं माझ्या माणसाचं नाव उखडायचं?”

त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. मी म्हटलं, “मग दाखवते. रंगीत पाणी पिंडीवर घालू. ते तुमच्या लादीपाशी आलं तर मानाल?”

शांताबा म्हणाल्या, “आलं तर मानेन.”

आता रंग कुठला? आमच्या कामात बाजारातला रासायनिक रंग वापरतात. तो महादेवावर कोण ओतू देणार? मी हळद सुचवली, तर पुजारीमहाराजांनी कानांवर हात ठेवले. महादेवाला हळद चालत नाही. कुंकूही नाही. सगळे विचारात पडले. शेवटी शांताबाच म्हणाल्या, “केसूडां.”

पळसाची फुलं! होळी तोंडावर आली होती आणि नदीकडच्या रस्त्याला पळस पेटल्यासारखे फुलले होते. फुलं उकळून बायकांनी घागरी भरल्या. केशरी, पारदर्शक, सुंदर पाणी. त्या दिवशी पुजारीमहाराजांनी वाडगा बाजूला ठेवला. पहिली घागर शांताबांनी ओतली आणि त्यांच्यामागे सगळ्या बायकांनी. मग आम्ही उत्तरेच्या भिंतीकडे तोंड करून बसलो. चहा झाला. गप्पा झाल्या. रमणभाई दोनदा कारखान्यात जाऊन आले. मी वरवर शांत होते, पण मनात म्हणत होते, आता नाही आलं तर या गावात परत तोंड दाखवायला नको.

ऊन कलायला लागलं आणि एका बाईने शांताबांना कोपराने ढोसलं. लादीच्या कडेला, सांध्यातल्या पांढऱ्या सिमेंटवर, केशरी रेघ उमटली होती. बघता बघता ती चारी बाजूंनी फिरली. नावाच्या लादीला केशरी चौकट!

शांताबांनी सांध्यावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि त्या उठल्या. “काढो,” त्या म्हणाल्या. “पण तोडता नहीं.”

लादी आम्ही दुसऱ्या सकाळी अखंड उचलली. तिच्याखाली सिमेंट, त्याखाली जुनी फरशी, त्याखाली विटांचे तुकडे, मग महीच्या पुराचा बारीक गाळ. पूर आला की गाळ साचायचा, गाळ उपसण्याऐवजी लोक त्यावर नवी फरशी घालायचे. काही पिढ्यांत अंगण असं वर वर चढत गेलं असणार. त्या गाळात हाताला दगडी ओठ लागले. पन्हळीचं तोंड! मगरीसारखा जबडा, आत सिमेंट आणि माती गच्च. मला वाटलं, झालं, काम सापडलं. पण खणत खणत आणखी बरंच खाली गेल्यावर माणसाचं फावडं दगडाला लागलं. त्याने हाताने गाळ सारला आणि तो ओरडला, “बेन! हाथी!”

मी साडी खोचून खड्ड्यात उतरले. ओल्या गाळातून हत्तीचं गंडस्थळ वर आलं होतं. त्यावर ना रंग, ना सिमेंट. छिन्नी काल फिरली असावी इतकं ताजं. शेजारी आणखी एक हत्ती. त्याच्या शेजारी आणखी एक. गुजरातेतल्या जुन्या देवळांच्या जोत्यावर हत्तींची रांग असते, तिला गजथर म्हणतात. तिच्यावर घोड्यांची, मग माणसांची; त्या वरच्या रांगा गाळाने लिंपलेल्या, म्हणून खणताना ओळखू आल्या नव्हत्या. ही सगळी फौज फरशीखाली उभी होती, आणि वर गाव अनवाणी प्रदक्षिणा घालत होतं. देऊळ बुटकं नव्हतंच! पुरुषभर उंचीचं जोतं जमिनीत होतं.

त्या संध्याकाळी अख्खं गाव खड्ड्याभोवती जमलं. रमणभाई कडेला उकिडवे बसून हत्तींकडे बघत होते. ते म्हणाले, “आणि मी हे पाडायला निघालो होतो.” गुलाबी मंदिराचं चित्र त्यांनी त्यानंतर मला कधी दाखवलं नाही.

ट्रस्टने जीर्णोद्धार करायचं ठरवलं आणि दगडी कामासाठी धनजीभाई सोमपुरांना बोलावलं. देवळं बांधणं हा त्यांच्या घराण्याचा पिढीजात धंदा. हातात सोन्याचं घड्याळ, पांढरी मोठी गाडी, आणि दर तिसऱ्या वाक्यात परदेशात बांधलेलं एखादं मंदिर. त्यांना दगड कळत होता, यात शंका नाही. आमचं भांडण पहिल्याच दिवशी झालं. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, “आ मराठी टोपी पहेलां उतारी नाखो. शास्त्रात बसत नाही.”

“ती पण आता जुनी आहे, धनजीभाई. शिखर पडलं होतं तेव्हा कोणीतरी देवाच्या डोक्यावर छप्पर घातलं. तो पण या देवळाचा इतिहासच.”

“तमे मराठी एटले!”

“हो, मराठी आहे म्हणून मला आवडतं. पण ते ठेवायचं ते भक्कम आहे म्हणून. चढा वर आणि ठोकून बघा.”

ते खरंच चढले. विटा ठोकल्या, चुना नखाने खरवडला, आणि खाली येऊन शिखराबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत हा होकार होता.

पुढची गोष्ट मात्र जड मनाने सांगते. हत्ती निघाल्यापासून रमणभाईंना झोप नव्हती. श्रावणाच्या आत सगळं जोतं मोकळं व्हावं, लोकांनी बघायला यावं, असा त्यांना ध्यास लागला होता. मी बजावलं होतं, उत्तरेकडे थोडं थोडंच खणायचं, कारण फुगलेल्या भिंतीला त्या गाळाचाच टेकू आहे. पण एका सकाळी मी मंडईत भाजी घेत असताना धनजीभाईंचा फोन आला. “बेन, जल्दी आवो. रमणभाईए जेसीबी बोलाव्युं छे.”

भाजीची पिशवी तशीच गाडीत टाकली आणि सावलीचा रस्ता धरला. पोचले तेव्हा यंत्र बंद होतं. धनजीभाई त्याच्यासमोर हात पसरून उभे होते, ड्रायव्हर चिडून खाली उतरला होता. उत्तरेची बाजू उघडी पडली होती आणि यंत्राच्या दाताने एका हत्तीची सोंड उडवली होती. पण माझं लक्ष वर होतं. भेगेवरची नवी काच दोन तुकडे होऊन पडली होती आणि भिंतीतून बारीक माती झरत होती. भिंत कोसळायला निघाली होती.

“रेती!” मी ओरडले. “पोत्यात रेती भरा आणि भिंतीला लावा. माती परत ढकला. सगळी!”

जे हत्ती इतक्या कौतुकाने काढले, तेच आम्ही परत पुरले. गावातला जो तो पोती उचलत होता, बायका साखळी करून घमेली पुढे देत होत्या. शेवटी मातीचं झरणं थांबलं. रमणभाई मातीच्या ढिगाऱ्याशी उभे राहून रडत होते. मला त्यांना फाडून खायचं होतं, पण मी आधी भेगेवर नवी काच लावली. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः चाळणी घेऊन त्या ढिगाऱ्यापाशी बसायला लागले. कारखान्याचे फोन तिथेच घ्यायचे. सोंडेचा मोठा तुकडा त्यांना सापडला, दुसरा लहान सापडला. टोक काही मिळालं नाही. धनजीभाई नवं टोक घडवून द्यायला तयार होते. रमणभाईच नको म्हणाले. सापडलेले तुकडे स्टीलच्या खिळीने बसवले, आणि तो हत्ती आजही टोकाविना उभा आहे.

मग खरं काम सुरू झालं. पाया दुरुस्त करायची रीत दात काढण्यासारखी असते, सगळे एकदम काढायचे नसतात. भिंतीखाली हातभर रुंदीचा खड्डा घ्यायचा, तेवढाच पाया दगड-चुन्याने भरून पक्का करायचा, तो वाळू द्यायचा, मग मधली जागा सोडून पुढचा. पावसाळा गेला, थंडी आली, रमणभाईंची घाई जिरली. शेवटी खचलेला कोपरा तेवढा राहिला. तो जॅक लावून उचलायचा होता.

किती उचलायचा, यावर मी आणि धनजीभाई पुन्हा भांडलो. त्यांना भिंत ओळंब्यात हवी होती, अगदी सरळ. मी म्हणत होते, “इतकी वर्षं हे दगड एकमेकांवर रेलून बसलेत. ओढून सरळ केले तर मोडतील. खचणं थांबलं की पुरे.” ठरलं असं की सूत सूत उचलायचं. सूत म्हणजे गव्हाचा दाणा मावेल एवढं अंतर. ज्याला भीती वाटेल त्याने ‘थांब’ म्हणायचं, आणि दुसऱ्याने वाद घालायचा नाही.

त्या दिवशी देवळाभोवती दोर बांधून गावाला लांब उभं केलं होतं. मी भेगेपाशी, धनजीभाईंचे दोन्ही तळवे दगडावर. जॅकचा दांडा हलला. काहीच झालं नाही. परत हलला. मग कोपऱ्याच्या पोटातून एक खोल, जडसा आवाज आला, झोपलेलं जनावर कूस बदलतं तसा. आणि भेग मिटायला लागली! डोळ्यांसमोर, केसाकेसाने! आणखी एक सूत. आणखी एक. एवढ्यात काड्‌कन आवाज झाला. जुन्या सिमेंटचा एक पापुद्रा सुटून खाली पडला होता, बाकी काही नाही. पण मी धनजीभाईंकडे बघितलं आणि त्यांनी माझ्याकडे.

“बस,” आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

कोपरा अजून बोटभर कललेला आहे. धनजीभाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, “ए तो बेने ना पाडी, नहींतर सीधुं करी आपत.” म्हणजे मी नको म्हटलं, नाहीतर त्यांनी सरळ करून दिलं असतं. सांगोत बापडे.

शांताबांची लादी आता कडुनिंबाच्या पारावर आहे. त्यावर कुत्री येऊन बसतात अशी त्यांची तक्रार असते. ती जागा पहिल्या जागेसारखी नाही, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. दुसरा उपाय मला सुचला नाही.

पन्हळ मोकळी करणं शेवटी ठेवलं होतं. सिमेंट छिन्नीने काढलं, आतली माती लांब सळईने उकरली. चाचणी साध्याच एका सकाळी घ्यायची होती, पण बातमी कशी फुटली कोण जाणे, उत्तरेच्या मोकळ्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती. हत्ती, घोडे, माणसांची रांग, सगळं जोतं उन्हात उघडं, आणि त्यावर, माझ्या डोक्याच्याही वर, मगरीचा तो कोरडा जबडा. मी बरोबर त्याच्याखाली उभी होते.

आत पाणी ओतल्याचा आवाज आला. शांताबा ओतत होत्या. आम्ही वाट बघत राहिलो. दुसरी घागर ओतल्याचा आवाज आला. जबडा कोरडाच. रमणभाईंनी डोळे मिटून घेतले. मी मनातल्या मनात उतार मोजायला लागले, कुठे चुकलं असेल याचा विचार करायला लागले.

तेवढ्यात जबड्यातून एक बेडूक बाहेर आला. त्याने गर्दीकडे बघितलं आणि सरळ धनजीभाईंच्या खांद्यावर उडी मारली. माणसं हसत सुटली, आणि त्या हसण्यातच पाणी आलं. आधी मातकट ठिबक, मग बोटाएवढी धार, मग स्वच्छ, कमान धरून पडणारं पाणी! पोरं पाण्याखाली ओंजळ धरायला धावली, कोणी आईला फोन लावून नुसता आवाज ऐकवत होतं, आणि शांताबा आतून ओरडून विचारत होत्या, “आव्युं? अरे कोई कहो तो खरा, आव्युं?”

“आव्युं, बा!” मी ओरडले. माझा आवाज देवळाच्या वर गेला असेल.

“बेन, बाजूला व्हा, भिजताय,” रमणभाई म्हणाले. पाणी माझ्या डोक्यावरून, चष्म्यावरून वाहत होतं. मी जागची हलले नाही.